आज्जीचा फोन बोलंना झालाय? दुकानात नेण्याआधी हे तपासा

“अक्का, आज्जीचा फोन बोलंना झालाय. काल रातीपर्यंत चांगला होता.”

असा फोन मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतो. कधी आमच्या बेळगावातल्या वडगावातून, कधी निपाणीहून, कधी खानापूरच्या पुढं जांबोटीच्या वाटेवरच्या एखाद्या गावातून. माझ्या सासऱ्यांची नजर काचबिंदूनं गेली तेव्हा त्यांना टचस्क्रीनचा फोन शिकवायला मी बसले. मग गल्लीतले दोघे आले, मग त्यांचे पाहुणे आले, आणि गेली सात वर्षं हेच काम चालू आहे. बिघाड मात्र जवळपास प्रत्येक वेळी तोच असतो: टॉकबॅक गप्प होतो आणि घरचे म्हणतात फोन गेला.

टॉकबॅक म्हणजे अँड्रॉइड फोनमधली पडदा वाचून दाखवणारी सोय. बोट जिथं लागेल तिथं काय आहे ते तो बोलतो आणि दोनदा टकटक केलं की ते उघडतो. डोळसाचा फोन पाच मिनिटं मुका झाला तर त्याचं काही अडत नाही. आज्जीचा फोन मुका झाला तर तिच्या हातात नुसती काचेची पट्टी उरते. म्हणून ‘रविवारी नातू आला की बघू’ असं करू नका. खालच्या बहुतेक तपासण्यांना पैसा लागत नाही आणि पहिल्या चार तर पाच मिनिटांत होतात.

सुरुवातीलाच एक विनंती. तपासताना फोन त्यांच्या हातातून काढून घेऊ नका. तुम्ही शेजारी बसा, तोंडानं सांगा, बोट त्यांचंच चालू द्या. तुम्ही फटाफट दुरुस्त करून दिलात तर पुढच्या मंगळवारी दुपारी घरात कोणी नसताना तोच बिघाड परत येईल, आणि तेव्हा कुठली कळ किती वेळ दाबायची हे त्यांच्या बोटाला माहीत नसेल.

आधी लक्षण नीट विचारा

‘काय झालं?’ असं विचारलं की ‘बंद पडलाय’ एवढंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा ‘कधी गप्प होतो आणि बोट लावलं की काय होतं?’ असं विचारा. मला आजवर दिसलेली लक्षणं ही:

- अजिबात आवाज नाही, पण बोट लागलं की काहीतरी भलतंच उघडतं.
- आवाज नाही, पडदाही काळा. पण फोन आला तर रिंग वाजते.
- काही ठिकाणी बोलतो, काही ठिकाणी मुका. मेसेजमधले नुसते आकडे वाचतो.
- बोलतो, पण ऐकत नाही. दहा वेळा टकटक केली तरी उघडत नाही.
- बोलतो, पण काय बोलतो ते कळत नाही.
- सकाळी चालू असतो, दुपारी आपोआप बंद. रोजचंच.

ही सहा लक्षणं म्हणजे सहा वेगवेगळी दुखणी आहेत, आणि सगळ्यांना ‘बोलंना झालाय’ हे एकच नाव मिळतं. त्यामुळे दुकानदारही चुकीच्या जागी शोधत बसतो.

१. टॉकबॅक चालू तरी आहे का?

पडद्यावर कुठंही एकदाच बोट टेकवा. एका टेकण्यातच ॲप उघडलं, तर टॉकबॅक बंद आहे. चालू असेल तर एका टेकण्यानं काही उघडत नाही, फक्त त्या जागेभोवती चौकट येते आणि नाव ऐकू येतं. ही खूण उलट्या बाजूनंही लक्षात ठेवा. ‘फोन हँग झालाय, बोट लावलं तरी उघडत नाही’ असं सून सांगते, तेव्हा फोन धडधाकट असतो, टॉकबॅक चालू आहे एवढंच.

बंद असेल तर आवाज कमी-जास्त करायच्या दोन्ही कळा एकदम दाबून तीन सेकंद धरा. ‘एक, दोन, तीन’ असं सावकाश मोजायला लावा, कारण बरेचजण एका सेकंदातच सोडतात. हा शॉर्टकट आधी ठरवून ठेवावा लागतो. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात टॉकबॅक, त्यात शॉर्टकट. तिथंच लॉक स्क्रीनवरही तो चालू राहील अशी सोय असेल तर ती चालू करा. नाहीतर फोन लॉक असताना टॉकबॅक बंद झाला की आज्जीला तो स्वतः चालू करायचा मार्गच उरत नाही. ‘हे गूगल, टर्न ऑन टॉकबॅक’ असं म्हणूनही बहुतेक फोनवर तो चालू होतो. तेही एकदा करून बघून ठेवा.

२. आवाज कुठला कमी झालाय?

फोनमध्ये आवाज एक नसतो. रिंगचा वेगळा, गाण्यांचा वेगळा, बोलण्याचा वेगळा, आणि टॉकबॅकचा आणखी वेगळा. टॉकबॅक बोलत असतानाच आवाज वाढवायची वरची कळ दाबली तरच त्याचा आवाज वाढतो. गप्प असताना दाबली तर गाण्यांचा किंवा रिंगचा वाढतो, आणि आपण कितीही कळ दाबली तरी टॉकबॅक तसाच हळू राहतो. म्हणून एका हाताचं बोट पडद्यावर हळूहळू फिरवत ठेवा, म्हणजे तो बोलत राहील, आणि त्याच वेळी दुसऱ्या हातानं वरची कळ दाबा. दोन हातांचं काम आहे, एकदा जमलं की विसरत नाही.

३. आवाज दुसऱ्याच्या कानात तर जात नाही?

घरात कोणाचे ब्लूटूथ इअरबड आहेत का, टीव्हीचा स्पीकर आहे का, विचारा. एकदा नातवानं गाणी ऐकायला आजोबांच्या फोनला आपले इअरबड जोडले होते. तो कॉलेजला गेला की फोन ठीक, घरी आला की मुका. आजोबांना वाटायचं संध्याकाळी फोन दमतो. ब्लूटूथ बंद केलं, प्रश्न मिटला. इअरफोनची पिन घालायचं भोक असलेल्या जुन्या फोनमध्ये त्या भोकातला कचराही तपासा. कापूस, तंबाखूची भुकटी, कणीक, सगळं सापडलंय मला. पिन आत आहे असं फोनला वाटलं की स्पीकर गप्प बसतो. कचरा सुकलेल्या मऊ ब्रशनं काढा, सुई घालू नका.

४. पडदा काळा आहे, पण फोन जिवंत आहे

टॉकबॅकच्या मेनूत पडदा झाकायची सोय आहे. अंध माणसाला पडद्याचा उजेड लागत नाही, शिवाय शेजारचा काही वाचू शकत नाही, म्हणून ती दिलेली आहे. चुकून लागली की घरचे घाबरतात. तीन बोटांनी एकदा टेकवलं की मेनू उघडतो. जुन्या फोनमध्ये एका बोटानं खाली आणि लगेच उजवीकडे असा काटकोन काढावा लागतो. मेनूतून पडदा परत दाखवा. आणि दोन बोटांनी एकदा टेकवलं तर नव्या टॉकबॅकमध्ये बोलणं थांबतं किंवा परत सुरू होतं, तेही एकदा करून बघा.

एवढ्यानं नाही झालं तर फोन एकदा बंद करून चालू करा. साधा उपाय आहे, पण वाचणारा आवाज मधेच अडकला असेल तर त्यानं सुटतो.

५. काही ठिकाणी बोलतो, काही ठिकाणी मुका: आपल्या भागातला खरा घोळ

इथं मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त फेऱ्या मला या एका कारणासाठी माराव्या लागतात. पुण्या-मुंबईच्या माणसांनी लिहिलेल्या सूचनांमध्ये हे सापडत नाही.

टॉकबॅक स्वतः बोलत नाही. तो पडद्यावरची अक्षरं उचलून आवाजाच्या एका वेगळ्या ॲपकडे देतो, आणि ते ॲप बोलतं. त्या ॲपमध्ये प्रत्येक भाषेचा आवाज वेगळा. मराठी आवाजाला देवनागरी कळते. समोर कन्नड लिपी आली की बहुतेक वेळा तो ती अक्षरं गाळतो आणि मधले आकडे तेवढे वाचतो. फोन मुका झाला असं वाटतं ते इथंच.

आता आपल्याकडचा फोन बघा. आपण मराठी बोलतो, पण राहतो कर्नाटकात. विजेच्या बिलाचा मेसेज कन्नडमध्ये, बँकेचा कधी कन्नड कधी इंग्रजी, ग्रामपंचायतीचा कन्नडमध्ये. व्हॉट्सॲपवर लेक मराठीत लिहिणार, सून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिणार. एका फोनमध्ये तीन लिप्या. खानापूर तालुक्यातल्या एका घरी आज्जीच्या यादीतली निम्मी नावं वाचली जात नव्हती. लेकाचं नाव बोलायचा, लेकीचं बोलायचा, आणि मधे पाच-सहा जागा नुसत्या टक् असा आवाज करून पुढं सरकायच्या. नातू कन्नड माध्यमात शिकतो. त्यानं मोठ्या प्रेमानं, आपल्या सुंदर अक्षरज्ञानानिशी, सगळ्या मामांचे नंबर कन्नडमध्ये सेव्ह केले होते. फोनमध्ये काहीच बिघडलेलं नव्हतं.

उपाय असा. सेटिंग्जच्या वरच्या शोधाच्या चौकटीत ‘टेक्स्ट टू स्पीच’ शोधा. गूगलच्या आवाजाच्या ॲपमध्ये मराठी, कन्नड, हिंदी आणि इंग्रजी असे चारही आवाज मिळतात. मराठी आणि कन्नड दोन्ही उतरवून ठेवा. मग टॉकबॅकच्या सेटिंग्जमध्ये वाचनाच्या नियंत्रणांत ‘बोलण्याची भाषा’ हा पर्याय चालू करा. तीन बोटांनी डावी-उजवीकडे सरकवत त्या पर्यायावर यायचं, मग एका बोटानं वर किंवा खाली झटकलं की आवाज मराठीचा कन्नड होतो, परत झटकलं की मराठी. आठवडाभर सराव लागतो, पण जमतं.

निपाणीच्या एका आज्जींना कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २००० रुपये जमा झाले का, हे दर महिन्याला शेजारणीच्या मुलाला विचारायला लागायचं. कन्नड त्यांना उत्तम समजतं, आठवडी बाजारात जन्म गेलाय. लिपी मात्र कधीच वाचता येत नव्हती, डोळे चांगले होते तेव्हाही नाही. कन्नड आवाज लावून दिला, मेसेज पहिल्यांदा स्वतः ऐकला, आणि बराच वेळ त्या काही बोलल्याच ना. मग म्हणाल्या, “डोळं असताना जे वाचता आलं नाही ते आता वाचलं मी.” त्या दिवसापासून कन्नड आवाज लावल्याशिवाय मी कुणाच्या घरातून उठत नाही.

याच जागी आणखी दोन गोष्टी बघा. फोनमध्ये मराठीऐवजी हिंदी आवाज लागला असेल तर तो देवनागरी वाचतो खरा, पण ‘माझा’, ‘चाळ’ असे शब्द हिंदी वळणानं काढतो. वयस्कर माणसाला ते परकं वाटतं, आणि ‘काय बोलतंय कळंना’ ही तक्रार तिथून येते. दुसरं, ‘शुभ सकाळ’ची चित्रं आणि लग्नपत्रिकांचे फोटो. चित्रावर छापलेली अक्षरं ही टॉकबॅकच्या लेखी अक्षरं नसतात, तो ‘फोटो’ एवढंच म्हणतो. नव्या आवृत्त्यांत चित्राचं वर्णन करून घ्यायची सोय आलेली आहे, पण त्यापेक्षा पाहुण्यांनाच सांगा: मुहूर्त आणि कार्यालयाचं नाव टाइप करून पाठवा, नाहीतर बोलून पाठवा.

६. आवाज पूर्ण उतरलाय का?

यादीत मराठी दिसतं म्हणजे मराठी आवाज फोनमध्ये आहे असं नव्हे. नावापुढं खाली जाणारा बाण असेल तर तो अजून उतरवायचाय. हे आवाज फक्त वाय-फायवर उतरतील अशी निवड बऱ्याच फोनमध्ये असते, आणि खेड्यातल्या घरात वाय-फाय कुठलं? वर्षानुवर्षं तो आवाज अर्धवटच राहतो. ती निवड बदला किंवा बेळगावला लेकाकडे आल्यावर उतरवून घ्या. कणकुंबीकडे, घाटाच्या तोंडाला, रेंज जाते तेव्हाच फोन मुका होत असेल तर कारण हेच समजा.

फोनची जागा भरली असेल तरी आवाजाचं ॲप मधेच कोलमडतं. व्हॉट्सॲपचे जुने व्हिडिओ काढून एक-दोन जीबी मोकळी करा. घरच्यांचे फोटो पुसण्याआधी मात्र आज्जीला विचारा. दिसत नसले तरी ते तिचे आहेत.

एक सावधगिरी: एक आवाज ऐकू येतोय तोवर दुसरा निवडू नका, आधी ‘ऐकून बघा’चं बटण दाबून नवा आवाज खरंच बोलतो याची खात्री करा. मुका आवाज निवडलात तर पुढचा सगळा रस्ता डोळस माणसालाच शोधावा लागतो. ई-स्पीक एनजी नावाचं एक छोटं फुकट ॲप आहे, त्यात मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत. आवाज यंत्रासारखा कोरडा, पण जागा थोडी घेतं आणि रेंज लागत नाही. अडीनडीला असावं.

७. बोलतो पण ऐकत नाही: बोट आणि काच

निपाणी भागात ज्यांनी तीस-चाळीस वर्षं विड्या वळल्या, त्यांच्या बोटांची टोकं हातात घेऊन बघा. गुळगुळीत, कोरडी, कागदासारखी. फोनची काच दाब ओळखत नाही. त्वचेतल्या ओलाव्यामुळे जो बारीक विद्युतभार काचेशी बोलतो, तो ती ओळखते. कोरड्या बोटाचं तिला कळतच नाही. मग माणूस आणखी जोरात दाबतो, जोरात दाबलं की बोट जास्त वेळ टेकून राहतं, आणि फोन त्याला ‘धरून ठेवलं’ असं समजतो. चूक माणसाची नसते. ओल्या फडक्याला बोट पुसून मग टेकवायचं, ओलं बोट नव्हे, नुसतं दमट. नखाकडचं टोक नको, बोटाचा मऊ भाग टेकवायचा. जाड काचेचा स्क्रीन गार्ड असेल तर काढून बघा, तो बोट आणि पडदा यांच्यामधली भिंत आहे. काही फोनमध्ये स्पर्शाची संवेदनक्षमता वाढवायची सोय सेटिंग्जमध्येच असते.

दुसरं कारण दिसायला इतकं छोटं आहे की मला ते सापडायला दोन वर्षं लागली. फोन धरलेल्या हाताचा अंगठा पडद्याच्या कडेवर येतो. आपण म्हणतो एका बोटानं झटका. फोनला दिसतात दोन, आणि दोन बोटांचा अर्थच वेगळा, पान सरकवणं. शिकवताना त्यांच्या बोटाकडे सगळेच बघतात, मी आता आधी दुसऱ्या हाताचा अंगठा बघते. फोन टेबलावर किंवा मांडीवरच्या पाटावर ठेवा. तिथं सगळं चालत असेल तर दोष अंगठ्याचा. कडा थोड्या उंच असलेलं कव्हर घ्या.

तिसरं, टकटक. दोनदा टकटक करताना नेम धरायची गरज नसते हे बहुतेकांना कोणी सांगितलेलंच नसतं. नाव ऐकू आलं की बोट उचला, आणि पडद्यावर कुठंही टकटक करा, तेच उघडेल. लोक तीच जागा परत शोधायला जातात, बोट भलतीकडे पडतं, नाव बदलतं, सगळं पहिल्यापासून. लय चुकत असेल तर आधी टेबलावर करून घ्या, शेजारच्या दारावर हलकेच वाजवतो तशी. आणि झटकणं म्हणजे ओढणं नव्हे. काठवटीच्या कडेला सांडलेलं पीठ आपण बोटानं झटकतो ना, तसं. हे सांगितल्यावर बायकांना एका मिनिटात जमतं.

चार्जरला लावलेला असताना फोन आपल्या मनानं इकडेतिकडे उड्या मारत असेल तर चार्जर बदला. स्वस्त चार्जरनं स्पर्श बिघडतो. आधी चार्जर काढून दहा मिनिटं वापरून बघा, मगच विकत घ्या.

८. ऐकू येतं पण कळत नाही: कानही तपासा

वडगाव, शहापूर, खासबाग या भागातल्या मागवाल्यांची गोष्ट वेगळी. ज्यांनी यंत्रमागांच्या खडखडाटात आयुष्य काढलं, त्यांचं ऐकणं त्या आवाजानं खराब झालेलं असतं. वयानंही आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. फोनमधला आवाज बहुधा बाईचा आणि उंच. मग ‘स’, ‘फ’, ‘त’ ऐकूच येत नाहीत, शब्दांचे नुसते सांगाडे येतात. घरचे आवाज मोठा करतात, त्यानं फक्त कल्ला वाढतो.

वडगावच्या एका आबांना मी पट्टी खाली आणून आणि वेग कमी करून दिला. आवाजाची पातळी होती तीच ठेवली. त्यांनी बोट टेकवलं, मान थोडी तिरकी केली. पूर्वी माग चालू असताना धागा तुटल्याचं कानानं आणि बोटानं ओळखत असतील तेव्हा अशीच करत असतील. “आता माणसासारखं बोलतंय,” म्हणाले. टेक्स्ट टू स्पीचमध्येच वेग आणि आवाजाची पट्टी (पिच) बदलायची दोन सरकती बटणं आहेत. एका वेळी एकच हलवा, आणि प्रत्येक वेळी त्यांच्याकडून ऐकलेला शब्द परत म्हणवून घ्या. ‘कळलं का?’ विचारू नका. हो म्हणतात बिचारे, आपल्याला त्रास नको म्हणून.

एका कानानं कमी ऐकू येत असेल तर चांगल्या कानात साधा वायरचा इअरफोन. त्याचा आणखी एक उपयोग आहे: पासवर्ड टाकताना टॉकबॅक काही फोनमध्ये अक्षरं मोठ्यानं बोलत नाही, इअरफोन लावला की बोलतो. तो बिघाड नव्हे, आज्जीच्या पैशाची राखण आहे. ती सोय बंद करू नका.

९. रोज आपोआप बंद होतो

तीन कारणं. घट्ट धरल्यानं किंवा पिशवीत दाबल्यानं दोन्ही कळा एकदम दाबल्या जातात. त्यासाठी कापडाची सैल पिशवी शिवा, मी जुन्या परकरांच्या शिवून देते. घरातलं पोर खेळायला फोन घेतं आणि टॉकबॅक मधे येतो म्हणून बंद करतं. पोराला रागावू नका, परत चालू करायचं काम त्यालाच शिकवा, आठ वर्षांचं पोर ते छान सांभाळतं. आणि काही स्वस्त फोनमध्ये बॅटरी वाचवणारी यंत्रणा मागं चालणारं सगळं बंद करते, त्यात टॉकबॅकही जातो. बॅटरीच्या सेटिंग्जमध्ये टॉकबॅक आणि आवाजाचं ॲप यांना ‘निर्बंध नाही’ असं ठेवा. ‘फोन साफ करा’ म्हणणारी ॲप असतील तर काढून टाका.

इथं थांबा

वरचं सगळं करूनही रिंगटोनसुद्धा वाजत नसेल, किंवा फोन पाण्यात पडल्यापासून आवाज फाटका येत असेल, तर तो स्पीकरचा बिघाड आहे. सेटिंग्जमध्ये आणखी वेळ घालवू नका, दुरुस्तीवाल्याकडे न्या. फोनची पाठ फुगली असेल, पडदा कडेनं उचलला असेल, तर बॅटरी फुगलेली आहे. त्याच क्षणी चार्जिंग बंद, दाबून बसवायचा प्रयत्न करायचा नाही, उशीखाली ठेवायचा नाही. हे कामही दुरुस्तीवाल्याचंच.

‘सगळं पुसून नव्यासारखा करतो’ असं कोणी म्हणालं तर नंबरांची आणि व्हॉट्सॲपची प्रत काढल्याशिवाय हो म्हणू नका. एका घरी टॉकबॅकचा शॉर्टकट बंद होता एवढ्यासाठी फोन पुसला गेला, आणि वारलेल्या मुलाचे आवाजातले मेसेज गेले. त्या बाईंना मी काय सांगणार होते.

पैशाच्या ॲपमध्ये अडलं तर त्यांचा पिन तुम्ही विचारूही नका, बँकेत सोबत जा. इंटरनेटवर ‘मदत क्रमांक’ शोधून फोन लावू नका, आणि पलीकडचा माणूस तुमच्या फोनचा पडदा त्याला दाखवणारं ॲप घ्यायला सांगतोय असं ऐकलं तर फोन लगेच ठेवा. पैसे गेलेच तर १९३० या सायबर तक्रारीच्या नंबरवर त्याच तासात कळवा, जितक्या लवकर तितकी रक्कम अडवली जायची शक्यता जास्त.

आणि ‘फोनची अक्षरं अचानक पुसट झाली’ असं कोणी म्हणालं, तर फोन बाजूला ठेवा. काल मोठी अक्षरं दिसत होती आणि आज दिसत नाहीत, डोळ्यासमोर विजा चमकतात, काळे ठिपके वाढलेत, बाजूनं पडदा ओढल्यासारखं होतंय, किंवा डोळा लाल होऊन जोरात दुखतोय आणि दिव्याभोवती वलयं दिसतात: यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. साखरेचा त्रास असलेल्यांनी तक्रार नसली तरी वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा. काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली मात्र थेंबांनी टिकवता येते, म्हणून थेंब चुकवू नका. मोतीबिंदू असेल तर तो शस्त्रक्रियेनं काढता येतो. फोन शिकवायला गेल्यावर ‘आता वय झालं, काय करायचं’ असं म्हणणाऱ्या दोन माणसांना मी आधी दवाखान्यात नेलंय, आणि दोघांनाही नंतर टॉकबॅक लागला नाही. कान एकाएकी बंद झाला तरी तसंच, कानाच्या डॉक्टरांकडे. कधी नुसता मळ असतो, दहा मिनिटांत निघतो.

दुरुस्तीला फोन द्यायचाच असेल तर आज्जीला सोबत न्या. दुकानदाराला सांगा की काम करताना टॉकबॅक बंद केला तर चालेल, देताना चालू करून द्यायचा. परत घेताना पैसे देण्याआधी फोन तिच्या हातात द्या. तिथंच, काउंटरला टेकून, तिला कुलूप उघडू दे, लेकाचं नाव शोधू दे, एक कन्नड मेसेज वाचू दे आणि फोन लावू दे. लेकानं ‘हॅलो’ म्हटलं आणि तिला ऐकू आलं, की मग पैसे द्या.